रिकाम्या वाटेची रुंदी

बुधवार, १४ मे २००८. शिरूर, संध्याकाळ.

आप्पांचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

दुपारी सणसवाडीजवळ जेसीबीनं आमच्या टेलिफोन केंद्राची पुण्याला जाणारी केबल तोडली. इंटरनेट लगेच दौंडवरच्या राखीव वाटेनं वळलं, पण ती वाट आधीच अरुंद होऊन बसली होती. वापर मोजून प्रत्येक वाटेची जागा, म्हणजे बँडविड्थ, आपोआप कमी-जास्त करायची सोय आली, तेव्हा पुण्याच्या मुख्य कचेरीला पाठवायच्या कागदावर ‘सोय हवी’ म्हणून दोन्ही वाटांपुढे खूण मीच केली. राखीव वाटेवरून एरवी काहीच जात नाही, हे कसं सुचलं नाही? यंत्र रोज संध्याकाळी सातला मोजायचं आणि तिची जागा आणखी काढून घ्यायचं.

निमोण्याचे आप्पा मुलीला घेऊन शेजारच्या सायबर कॅफेत तिचा नर्सिंगचा फॉर्म भरत होते. मुदत पाचपर्यंत. पान उघडेना, तसे केंद्रात माझ्या टेबलाशी आले. रिकामी राहून वाट अरुंद झाली, हे खरं ते मी सांगितलं.

"आम्ही रिकाम्या चारीलाबी अधनंमधनं पाणी सोडतो," ते म्हणाले. "न्हाईतर गवत माजून बुजती. तुम्ही कवा सोडलं व्हतं?"

एकदाही नाही. मी पुण्याला फोन लावत राहिलो, कारण वाट रुंद करणं तिथल्या साहेबांच्याच हातात. साहेब मीटिंगमध्ये. पाच वाजले. मुलीनं फॉर्मसाठी आणलेला फोटो परत पाकिटात ठेवला.

कवा सोडलं व्हतं?

सातला यंत्रानं दुपारपासूनची गर्दी मोजली आणि वाट आपोआप रुंद केली. मी कॅफेत जाऊन तेच पान उघडलं. क्षणात आलं. मुदत संपली आहे, एवढंच त्यावर होतं.