कडी बाहेरून लावू नये

मी, गुणाबाई शामू दिवटे, वय पंचावन्नच्या आसपास, धंदा हातमागावर विणकाम, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि मराठीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवून लिहायला बसवलेले नाही. धाक दाखवून झाला आहे, त्याचे पुढे येईल. येत्या बुधवारी पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायचे आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, म्हणजे घाबरण्यासारखे काहीतरी असणार.

माझा पुतण्या गुंडू आण्णाप्पा दिवटे याने टाईप करून आणलेल्या कागदावर मी सही केलेली नाही. माझ्या मागे तसा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

घराविषयी. मी राहते ते घर, पुढची पडवी आणि मागचे परसू माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. थोरला भाऊ आण्णाप्पा याने आपला हिस्सा घेऊन शहापुरात वेगळे बिऱ्हाड केले. धाकटा भाऊ मायाप्पा याने आपला हिस्सा माझ्या नावे लिहून दिला. दोन्ही कागद ज्योतिबा वकिलांकडे आहेत. माझ्या पश्चात या घरात मायाप्पाने मरेपर्यंत राहावे. त्याला कोणी उठवू नये. त्याला घर विकता येणार नाही, आणि दुसऱ्या कोणालाही त्याच्या हयातीत विकता येणार नाही.

मायाप्पा खुनाची शिक्षा भोगून हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटून आलेला आहे, हे सगळ्या वडगावला ठाऊक आहे. मग अशा माणसाला घर का, असे विचारतील. वकील म्हणाले, "गुणाबाई, मृत्युपत्रात एवढं सगळं नको." मी म्हटले, कोर्टात कुणी लिहून घेतले नाही, इथे तरी लिहू द्या.

मायाप्पा जन्मला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तो निळा जन्मला. रडला नाही. सुईणीने त्याला कोमट पाण्यात, मग गार पाण्यात बुडवले, पाठीवर थापट्या मारल्या. पुष्कळ वेळाने तो एकदा कण्हला. आई त्याच बाळंतपणात तापाने गेली. शेळीच्या दुधावर मी त्याला वाढवला. चालायला लागल्यावर त्याला आकडी यायला लागली. दात आवळायचे, डोळे फिरायचे. "आईला खाऊन आलंय," असे वडील त्याच्या तोंडावर म्हणत. पुढे तो राग आला की चावायचा, हातात येईल ते फेकायचा.

वडिलांची शिक्षा एकच होती. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. पोरांपैकी कोणी चुकले की वडील त्याला त्या खड्ड्यात घालत आणि वर फळी टाकून तिच्यावर बसत. खाली अंधार, ओल आणि विंचवाची भीती. आण्णाप्पाही त्या खड्ड्यात गेला आहे, मायाप्पाही.

मायाप्पा मोठा झाला, यंत्रमागाच्या कारखान्यात लागला. काम चांगले करायचा, पण दार लावलेल्या खोलीत बसायचा नाही. कारखान्यातल्या भावकू भंडारेला ही गोष्ट कळली. भावकू वाईट माणूस नव्हता, चेष्टेखोर होता. सत्तर साली एका दुपारी मायाप्पा सुताच्या खोलीत गेला आणि भावकूने बाहेरून कडी घातली. "बघूया किती वेळ बसतोय," असे तो हसत म्हणाल्याचे साक्षीत आले. आतून पहिल्यांदा हाका आल्या, मग दार वाजले, मग काहीच आवाज आला नाही. भावकूने दार उघडले तेव्हा तो हसतच होता. मायाप्पाच्या हातात लोखंडी दांडा होता. एकच घाव बसला. भावकू दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्याची बायको अंबुबाई आमच्या समोरच्याच घरात राहते. तेव्हा तिची पोरगी अंगावर पीत होती.

हे मी कमी करून सांगत नाही. माझ्या भावाने एक माणूस मारला.

कोर्टात आमच्या वकिलांनी खड्ड्याचे सांगितले. तेव्हा सरकारी वकिलांनी आण्णाप्पाला उभे केले.

"तुम्हालाही त्या खड्ड्यात घालत होते?"

"व्हय साहेब."

"मग तुम्ही कुणाचा खून केला का?"

"न्हाय साहेब."

एवढ्यावर ते खाली बसले. आण्णाप्पा खोटे बोलला नाही. मला मात्र कोणी विचारले नाही, म्हणून आता सांगते. आण्णाप्पाला खड्ड्यात घातले की तो गल्लीभर ऐकू जाईल असा बोंबलायचा. शेजारी गोळा व्हायचे आणि वडील शरमून फळी काढायचे. मायाप्पा रडत नव्हता. जन्मतानाही रडला नव्हता. तो गप्प बसायचा, आणि वडील वर फळीवर बसून सूत गुंडाळत राहायचे.

वडील म्हणायचे हे आज्याचे रगात. गल्ली म्हणायची नशीब. तुरुंगातल्या डॉक्टरांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "जन्मताना श्वास कोंडला, त्यानं मेंदूला इजा झाली असेल, आकडी त्यातलीच. वरून लहानपणी भीती बसली. पण अशी कितीतरी मुलं असतात, ती काही खून करत नाहीत. कशानं किती झालं, हे मला सांगता येणार नाही." छातीठोक सांगणाऱ्यांपेक्षा हा माणूस मला खरा वाटला. त्यांनी दिलेली गोळी मायाप्पा रोज घेतो. सोसायटीत माझे जे शिल्लक आहे ते त्याच्या गोळीसाठी आणि पोटासाठी वापरावे. गोळी कधीही चुकवू नये.

चौऱ्याऐंशी साली तो सुटून आला. अंबुबाई नळावर मला म्हणाली, "तुझा भाऊ माझ्या दारावरनं गेला तर बघ." तेव्हापासून तो परसातून, मागच्या शेताच्या वाटेने जातो-येतो.

आता गुंडूचे. गुंडू कचेरीत कारकून आहे. आवाज कधी चढवत नाही. माझे घर पाडून त्याला तिथे यंत्रमाग बसवायचे आहेत. तो मला म्हणाला, "आत्ती, तेच्या रक्तातच हाय. आज न उद्या पेटणारच. पेटला की पोलीस नेतील, मग तुम्ही कुठं जाणार? त्यापेक्षा आत्ताच सही करा." मी म्हटले, "रक्त तुझंबी तेच की रं." त्यावर तो हसला.

गेल्या वैशाखात भर दुपारी मी आणि मायाप्पा घरात होतो. पुढच्या दाराची कडी बाहेरून पडली. पाठोपाठ मागच्याही दाराची पडली. मी आवाज दिला, उत्तर नाही. बाहेर माणसे कुजबुजत होती आणि त्यांत गुंडूचा आवाज मी ओळखला. चार माणसे आणून त्याने दारापुढे उभी केली होती, पेटलेला माणूस बघायला.

मायाप्पाने दारावर एक बुक्की मारली. मग त्याला घाम फुटला. कोपऱ्यातला लोखंडी दांडा त्याने उचलला. मला त्याची आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"आक्का, कडी कुणी घातली?"

"ठाऊक न्हाय."

"तुला ठाऊक हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वर बघितले.

"सर बाजूला," म्हणाला.

तो मागाच्या चौकटीवर चढला आणि दांड्याने छपराचे कौल उचकटले. वरून ऊन आत आले. मला वाटले आता दांडा फेकणार. त्याने कौल माझ्याकडे दिले.

"धर. फोडू नको."

एकेक कौल तो देत गेला, मी भिंतीला लावत गेले. मग तो छपरातून कमरेइतका बाहेर निघाला. दांडा त्याने खालीच टाकला होता. मी आतून नुसते ऐकत होते. आधी धापा टाकण्याचा आवाज आला, मग बोलणे.

"गुंडू, कडी काढ. आक्का आत हाय."

गुंडू हलला नाही. बाकीचेही हलले नाहीत. तेवढ्यात समोरचे दार वाजले. सायकल दुकानवाला मष्णू तिथे होता, त्याने मला नंतर सांगितले की अंबुबाई पदर खोचून गल्ली ओलांडून आली, तेव्हा सगळ्यांना वाटले ती आता दगड उचलणार. ती सरळ दाराशी आली आणि तिने कडी काढली. मी उंबऱ्यात होते. ती गुंडूला म्हणाली, "ह्येच करून माझा दादला मेला. तुला कळत न्हाय व्हय रं?" छपराकडे मान वर करून तिने बघितले नाही. परत गेली आणि आपले दार लावून घेतले.

म्हणून या घराच्या कुठल्याही दाराला बाहेरून कडी असू नये. होत्या त्या मी उपटून टाकल्या आहेत. कुलूप लावायचे तर घर रिकामे आहे हे आधी आत जाऊन बघावे.

माग तानीबाई लोहार हिच्या सुनेला द्यावा, तिचा हात चांगला आहे. माग निघाल्यावर खड्डा मातीने भरावा. मायाप्पा नको म्हणाला तर भरू नये.

गुंडूला घरातले काही मिळणार नाही. भिंतीवरचा वडिलांचा फोटो मात्र त्यानेच न्यावा. रक्त बघायची हौस आहे, तर रोज बघत बसावे.

मायाप्पाच्या पश्चात घर गुंडूची मुलगी अंजना हिला मिळावे. ती आत्ता दुसरीत आहे. शाळेत एका मुलीला चावली म्हणून गुंडूने तिला मारले आणि "तू त्या खुनी चुलत आज्यावर गेलीस" असे म्हणाला. अंजनाच्या आईला माझे हात जोडून सांगणे आहे की पोरीला मारू नये, कोंडू नये, आणि ते वाक्य तिच्या कानावर पुन्हा पडू देऊ नये. पोरगी रडली तर रडू द्यावे. रडली नाही तर जवळ जाऊन बसावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्योतिबा वकिलांनी करावी.

माझा पितळी हंडा आणि सोन्याची बोरमाळ मी अंबुबाईच्या नावे लिहिणार होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी समजावले. साक्षीसाठी मी बोलावलेली अंबुबाई ते ऐकत होती. म्हणाली, "मग मला काय नको. मी साक्षीला बसतो." त्यामुळे हंडा आणि बोरमाळही अंजनाला.

मी वाचून दाखवले. अंबुबाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "मी तेला माफ केलेलं न्हाय. ह्ये बी लिही."

लिहिले आहे.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि तो मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरा केला.

ठिकाण: वडगाव, बेळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६

सही: गुणाबाई शामू दिवटे

साक्षीदार:
मष्णू येळ्ळूरकर, सायकल दुकान, वडगाव (सही)
अंबुबाई भावकू भंडारे, समोरचे घर (डाव्या हाताचा अंगठा)