कुंदाच्या पिशव्या

भुईगाव,
२२ जानेवारी १९८१

चि. सौ. विमला हीस,
अनेक आशीर्वाद.

केळव्याला तुझे आईवडील बरे असतील. इकडे तुझ्या मामंजींचा खोकला थंडीने वाढला होता, तो आता उतरला. राजेळी केळीचे सहा घड उतरवले. अबोलीला यंदा फूल चांगलं आहे. भालचंद्र वेळेवर कामाला जातो, वेळेवर येतो, बोलत मात्र नाही.

कुंदाही खुशाल आहे.

आधीची दोन्ही पत्रं मी भालचंद्राकडून लिहवून घेतली. आज माझ्या हाताने लिहिते, कारण हे त्याला सांगून लिहवून घेता येत नाही. 'कुंदा माझ्याकडे छान रुळली' असं त्या पत्रांत होतं, ते खोटं होतं. तू गेल्यावर महिनाभर पोर माझ्याही मांडीवर टिकली नाही. अंघोळीला हात लावला की किंचाळायची. वेणी घालू देईना. नवा फ्रॉक घातला तर ओरबाडून काढायची. तुझ्याकडे करायची तेच सगळं.

आणि मी तुला काय म्हणाले होते? तीन वर्षांची पोर आईच्या अंगाला चिकटत नाही, तर आईच्याच मायेत खोट असणार. ओटीवर चार बायका बसल्या होत्या. आठ दिवस माहेरी जाऊन येते म्हणालीस, आणि एस.टी.त ती घाबरी होते म्हणून तिला आमच्याकडे ठेवून गेलीस. त्याला आता अडीच महिने झाले.

डिसेंबरात एकदा ती वाडीत पाटाच्या कडेला दिसली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मातीत, आणि तोंडातून आवाज नाही. मी उचलायला धावले. चर्चसाठी फुलं न्यायला कार्मिन आली होती, पापडीच्या बालवाडीत शिकवते ती. तिने मला धरलं.

"काकी, तुम्ही हात लावू नका. तिला लावू द्या."

"अगं, चिखल आहे तो."

"असू दे. काय आवडतं ते सांगतेय ती तुम्हाला."

तिनेच मला छोट्या पिशव्या शिवायला लावल्या. एकीत चिंचोके, एकीत काथ्या, एकीत कापूस, एक वाळूची जड. मला हसूच आलं होतं. कुंदाने काथ्याची लांब भिरकावली. वाळूची मात्र मांडीवर ठेवली की शांत बसते. परातीत तांदूळ ओतून दिले, तर तासभर हात घालून खेळते.

परवा मीही परातीत हात ठेवून नुसती बसले. तिने तांदळाखालून माझं बोट शोधलं, धरलं, सोडलं, परत धरलं. डोळे भरून आले, पण मी हलले नाही.

एक पिशवी तुझ्या विरलेल्या निळ्या पातळाची आहे. तीच गालाला लावून झोपते. तुझी ओळख पटते म्हणून, की कापड मऊ म्हणून, मला सांगता येत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

दोष तुझा नव्हता, पोरीचाही नाही. दुसऱ्या कुणी आपण होऊन लावलेला हात तिला सोसत नाही, एवढंच. तीन मुलं वाढवूनही मला ते कळलं नाही. गेल्या रविवारी त्याच ओटीवर, त्याच चौघींसमोर मी माझे शब्द मागे घेतले. पुतळाबाईने विचारलं, "सुनेला भ्यालीस काय गं?" म्हटलं, "नाही, चुकले."

भालचंद्राला पाठवत नाही. तू हो म्हणालीस तर न्यायला मीच येईन. नाही म्हणालीस तरी एकदा येऊन तुझ्या आईवडिलांसमोर हेच बोलेन. घरी आलीस की तिला एकदम उचलू नकोस. जवळ बस आणि थांब. मला दीड महिना लागला. तुला तेवढा लागणार नाही असं मनापासून वाटतं.

खाली काय सही करावी ते बराच वेळ सुचलं नाही. तू मला ज्या नावाने हाक मारायचीस तेच लिहिते. पटत नसेल तर खोडून टाक.

आई