गोंद धुतलेली राणी

६ नोव्हेंबर, सोमवार
फिजिओच्या मुलीने आज शालनच्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला. शालनने दाबला नाही. भाजीवाल्याने वर टाकलेलं लिंबू धरावं तसा नुसता धरून बसली. मुलगी जाताना मला दारात म्हणाली, "काका, चेंडूत त्यांचं मन नाही. आवडीचं काहीतरी काम द्या बोटांना. हे महिने असेच गेले तर हात असाच राहील."
आवडीचं काम म्हणजे साड्यांना फॉल लावणं. गणपतीनंतर अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मशीनवर चादर आहे. सुई कुठली धरणार? चमचा धरत नाही. बोलणं दोन-चार शब्दांवर आलंय. तेही मनात असेल तर.

९ नोव्हेंबर, गुरुवार
सुचलं. वापरलेली टपाल तिकिटं सोडवायला द्यायची. पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात, गोंद विरघळला की तिकीट आपसूक सुटतं, मग चिमट्याने उचलून पेपरवर पालथं वाळत घालायचं. चिमटा धरला की अंगठा आणि पहिलं बोट आपोआप कामाला लागतात.
साठवणीतल्या कुठल्याही साध्या तिकिटांची पिशवी काढली. परातीत पाणी. शा. बघत राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला मी माझ्या तिकिटांना हात लावू दिला नव्हता, हे तिलाही ठाऊक आहे. एक उचललं. पडलं. परत उचललं.
फाटलं. मी काही बोललो नाही. बोलायचं नाही असं आधीच ठरवलं होतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा
शा.ने ओवाळलं. ताट मंदाने धरलं (धाकटी मेव्हणी, वरळी कोळीवाड्यातून पापलेट घेऊन आली होती). कुंकू मात्र शा.ने लावलं, उजव्या हाताने. लागलं भुवईवर. मंदा म्हणाली, "दाजी, पुसू नका हां, तसंच राहू द्या. आजच्या दिवस वाकडे दिसा." शा. हसली. अर्ध्या तोंडाने, पण आवाज करून.
संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार
प्रगती. रोज सकाळी परात मांडते, मी दुकानात निघायच्या आधी. आता फाटत नाहीत. कोपरे कधी दुमडतात, ते मी संध्याकाळी जाड पुस्तकाखाली दाबतो. तिला दाखवत नाही.
फि. खूश. "काका, तुम्हाला कोणी शिकवलं हे?" म्हटलं, मला कोणी काही शिकवलेलं नाही. खरंच आहे ते. शाळा दहावीपर्यंत, मग बाइंडिंगच्या दुकानात. इंग्रजी तिकिटांच्या कॅटलॉगवरून शिकलो, एकेक शब्द. तिकीट जमवणाऱ्यांच्या क्लबातले फोर्टचे लोक अजून माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, तेव्हा मी इंग्रजीत उत्तर देतो.

२ डिसेंबर, शनिवार
जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी माझी फ्रेम मंजूर. सोळा पानं. विषय: इंग्लंडच्या राणीच्या निधनानंतर निघालेली तिकिटं. ती गेल्यावर तिच्या नावाने कुठकुठल्या बेटांनी तिकिटं काढली! कुणी काळी किनार, कुणी जांभळी, कुणी नुसता मुकुट. रंगछटा, कागद, कडेच्या दातांची मापं, सगळं मी स्वतः मोजलंय, कॅटलॉगवर विसंबलो नाही.
जीव आहे तो बाराव्या पानात. चार तिकिटांचा जोडलेला ब्लॉक. राणीची चार वयं: तरुण, भरलेली, पिकलेली, म्हातारी. कोरा, मागचा मूळ गोंद अखंड. बोटीवर असलेल्या मालवणच्या एका दोस्ताने आणून दिला. दमट हवेत गोंद चिकटू नये म्हणून इतके दिवस कसा सांभाळला ते माझं मला माहीत. कोऱ्या तिकिटाचा गोंद गेला की त्याला कोरं म्हणत नाहीत. मग तो नुसता छापील कागद.
झटक्याआधी शा. राणीला माझी सवत म्हणायची. "मेली तरी घरातून जात नाही बाई."

१० डिसेंबर, रविवार
बारावं पान गेलं.
पुठ्ठा कापायला दुकानात गेलो. ब्लॉक टेबलावर, पारदर्शक पाकिटात. बाजूलाच तिची पिशवी. पिशवीतली संपली म्हणून तिने पुढचं पाकीट घेतलं.
पुढे लिहिवत नाही.

११ डिसेंबर, सोमवार
आज परात मांडली नाही तिने. मीही नाही.
गोंद संपूर्ण गेला आहे. भिंगातून पाहिलं. कण नाही.

१३ डिसेंबर, बुधवार
जे झालं ते लिहून ठेवायला हवं. इतर सगळ्याची नोंद ठेवतो, मग ह्याची का नको?
रविवारी दारातून आत आलो तर ती माझी वाट बघत बसलेली. हात धरून टेबलापाशी नेलं मला. पेपरवर चारही राण्या पालथ्या, एका ओळीत. मी उलटवल्या. ती हसत होती. आणि मी म्हणालो, "हात तसाच लुळा राहिला असता तर बरं झालं असतं."
ओरडलो असतो तर एकवेळ चाललं असतं. ओरडलो नाही. सावकाश, स्पष्ट बोललो. डॉक्टरांनीच सांगितलंय ना तिच्याशी सावकाश बोला म्हणून.
तिला समजतं सगळं. बोलता येत नाही एवढंच.
आणखी एक. ब्लॉक भिजवल्यावर तिने चारही तिकिटं दातांवरून सुटी केली होती. एकही दात तुटलेला नाही. एकही कोपरा दुमडलेला नाही. मला स्वतःला इतकं साफ जमलं असतं का, शंका आहे. रविवारी हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. दिसलं आणि तरी

१८ डिसेंबर, सोमवार
फि. आली. शा. उजवा हात पदराखालून काढेना. मुलीने गोड बोलून पाहिलं, मग जरा दरडावून. हात बाहेर घेतला तर मूठ मिटलेली. "काका, पंधरवड्यापूर्वी ह्याच हाताने चिमटा धरत होत्या ना? काय झालं मध्ये? पडल्या का?"
नाही म्हटलं.
"ताप वगैरे?"
नाही.
डाव्या हाताने जेवते आता. सांडतं. पुसायला गेलो तर ताट ओढून घेते.

२४ डिसेंबर, रविवार
मंदा आली. सुक्या बोंबलाची पिशवी खाली ठेवायच्या आधीच बहिणीचा चेहरा वाचला तिने. स्वयंपाकघरात मला गाठलं.
"काय बोललात तिला?"
"काही नाही."
"दाजी, मी मासळी विकते. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी मला कळतं तो घेणार का नुसता दाबून बघणार. काय बोललात?"
सांगितलं. शब्द न् शब्द. ती उभी राहिली, हाताला मासळीचा वास, तोच हात तोंडावर धरून. मग म्हणाली, "लुळा असता तर काय झालं असतं, तुमची भाकरी कुणी थापली असती, ते तरी विचारलंत का स्वतःला?"
मी बोंबलाची पिशवी उचलून फळीवर ठेवली.

२९ डिसेंबर, शुक्रवार
ठरवलं. फ्रेम पाठवायची आणि बारावं पान तेच ठेवायचं. तिने सोडवलेली चारही. खाली माझ्या अक्षरात: मूळ गोंद नाही. पाण्यात सोडवून सुटी केली, सौ. शालनने, उजव्या हाताने.
मला तोंडाने जमत नाही. कागदावर जमतं. तिला प्रदर्शनाला घेऊन जाणार. वाचेल. मग बघू.

६ जानेवारी, शनिवार
दादरचा हॉल. टॅक्सीने नेलं, मंदा बरोबर. शा.ने बऱ्याच महिन्यांनी चांगली साडी नेसली. मंदाने नेसवली. मला वाटलं, हे शुभलक्षण.
परीक्षक माझ्या फ्रेमपाशी थांबले. बाराव्या पानावर बोट. "हे काय लिहिलंय? ही फॅमिली आल्बमची जागा नाही. गोंद गेलेला माल लावायचा, वर कौतुक?" शेजारच्यांना हसू आलं. मी नियमाची बाजू मांडू शकलो असतो, तिकिटाची खरी अवस्था लपवू नये असा नियमच आहे. मांडली नाही. त्या क्षणी मला परीक्षकाशी काही कर्तव्य नव्हतं.
शा.ला पुढे आणलं. ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. दोनदा. तिने चारही राण्या पाहिल्या. पान पाहिलं. हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग मंदाचा दंड ओढला, दाराकडे.
पूर्ण चुकलो. तिचा हात लोकांसमोर मांडला मी, नमुन्यासारखा. तोही माझ्याच फ्रेममध्ये.
टॅक्सीत मंदा हळूच म्हणाली, "तिकिटाखाली लिहिलंत. तिच्यापुढे बसून बोललात का?"

७ जानेवारी, रविवार
बोललो. चहा झाल्यावर, तिच्या खाटेसमोर जमिनीवर बसून. सगळं. ते वाक्य तोंडून चुकून गेलं असं नाही म्हणालो, ते वाक्य माझं होतं असं म्हणालो. तू चारही इतकी साफ सोडवलीस हे मला तेव्हाच दिसलं होतं, हेही.
ऐकत होती. डोळे माझ्यावर होते. मी थांबलो. मग ओठ हलले. म्हणाली, "दमले."
डाव्या हाताने उशी सारखी केली. भिंतीकडे वळली.
उजवा हात पदराखालीच.

११ जानेवारी, गुरुवार
फ्रेम परत आली. पदक नाही, प्रमाणपत्र नाही. बांधलेली सोडलीही नाही. परात मोरीत उभी केली.
फि. म्हणाली अजून वेळ आहे, पण फार नाही. काही बदल करून बघा. जागा बदला, माणसं बदला. "माणसं" म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही तिने. चांगल्या घरची मुलगी आहे.
मंदाने फोनवर विचारलं, नेऊ का आईकडे? शा.ला विचारलं, जायचंय का वरळीला? मान हलवली. इतकी पटकन.

१३ जानेवारी, शनिवार
गेली. बॅग मी भरली. गोळ्या वेगळ्या डब्यात, वेळा वर लिहून. चिमटा ठेवावा की नाही, कळेना. ठेवला, काढला. नाही ठेवला.
आई दाराशी बसून जाळ्यातून कोलंबी निवडते, म्हणे मंदा. घरातल्या पोरीबाळी सगळ्या निवडायला बसतात. "कोण सांगणार नाही तिला हात घाल म्हणून. घालावासा वाटला तर घालील." म्हटलं बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. मला हे सुचलं नसतं.
दारात शा. थांबली. मला वाटलं काही म्हणेल. चप्पल सरकली होती, ती नीट केली, निघाली. डाव्या बाजूला मंदा, तिच्या खांद्यावर शा.चा डावा हात. मी बॅग टॅक्सीत ठेवून आधीच वर आलो होतो, तिला उतरताना माझा आधार नको असतो म्हणून. गॅलरीतून वाकून पाहिलं.
जिन्याचा कठडा उतरताना उजव्या हाताला येतो. पहिल्या पायऱ्यांना हात पदरातच होता. मग वळण. वळणावर मंदा क्षणभर मागे राहिली, तिथे दोघींना शेजारी जागा नाही. शा. एकटी पुढे गेली. कठडा धरला का, वरून दिसलं नाही.
टॅक्सी गेल्यावर मी तो जिना उतरून पाहिला, डावा हात मोकळा सोडून. कठडा न धरताही उतरता येतं. धरूनही येतं. मंदाला फोन करून विचारता येईल.
अजून केलेला नाही.