विमान गेल्यानंतरची हवा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी नक्की काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मोठं विमान उतरताना त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मागून येणारं लहान विमान उलटं करू शकतात. धावपट्टीच्या कडेला लेसरचं यंत्र लावून ते किती वेळ टिकतात, हे मी मोजते.

तुमचा तर कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नाही, घाटातल्या एसटीच्या ब्रेकवर नाही. कोयनानगरच्या कॉलनीत एका सकाळी जमीन हलते, आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर पळते. हादरा थांबतो, शेजारी हसत घरात जातात. मीही निघते, तर तुम्ही मनगट धरता. "थांबलं म्हून कुनी सांगितलं तुला? बस हितंच." आई म्हणते, "आवं, लोकं हसत्यात." दुपारपर्यंत आपण अंगणात, करपलेल्या भाकरीच्या वासात. दुसरा हादरा आलाच नाही. मला तुमची लाज वाटली होती.

यंदाच्या हिवाळ्यात आमचा अहवाल तयार होत होता. आडवा वारा असला की भोवरे धावपट्टीवरून लगेच वाहून जातात, तेव्हा लहान विमानाला लवकर उतरू द्यायला हरकत नाही, असं त्यात म्हणायचं होतं. एका सकाळी मोठं विमान उतरल्यावर एक भोवरा वाऱ्याबरोबर गेला, दुसरा यंत्राच्या पडद्यावर दिसेनासा झाला. सहकारी म्हणाला, "मॅडम, हवा साफ आहे. बंद करू?" मी नको म्हणाले. लेसरचा किरण खाली, जमिनीलगत फिरवला. भोवरा तिथेच होता, धावपट्टीच्या मधोमध, बाहेर सरकू पाहणारा, पण समोरच्या मंद वाऱ्याने अडवून धरल्यासारखा. साहेब चिडले, "एवढा संशय कशाला? यंत्र चुकलं असेल." यंत्रावर तर माझाही संशय होता, म्हणून कितीतरी सकाळी मोजत राहिले. मंद वाऱ्यात तो पुन्हा पुन्हा सापडला. शेवटी ती शिफारस मागे घेतली. कौतुक कुणी केलं नाही, आणि साहेब अजून माझ्याशी तुटकच बोलतात.

हे लिहिलेलं कुठे जाणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून विचारते. त्या दिवशी अंगणात तुम्हाला खरंच काही कळलं होतं, की नुसती भीती वाटत होती? भीतीच असावी, असं मला वाटतं. कारण 'हवा साफ आहे' हे ऐकलं तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं, अप्पा. मी फक्त घाबरले होते.