माळ्यावरची उदमांजरीण

मारुंजी, मार्च २००६, मंगळवार

आज धाकट्या दिराशी भांडले. भाड्याच्या खोल्यांवरच्या माळ्यात उदमांजरीण व्यायलीय. दिवसभर ती पिल्लांपाशी झोपते, अंधार पडला की फळं अन् उंदीर शोधायला निघते. तिच्या धावपळीनं भाडेकरू वैतागले, म्हणून भावजी विष घातलेलं केळं घेऊन आले. पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच आहेत. मी शिडीपुढे उभी राहिले.

"वैनी, सरका. भाडेकरू सोडून जात्याल."

"जाऊ द्या. पिल्लांचं डोळं बी अजून उघडलं न्हाईत. ते केळं हिकडं द्या."

दिलं त्यांनी. मी ते परसात खोल पुरलं. एवढं धाडस कुठून आलं मला? रात्री भावजी रुसून जेवले नाहीत. मी मात्र पोटभर जेवले.