दाराने मोडलेलं बोट

बाबा, तुम्ही माझं बोट मोडलंत, तिथून माझा धंदा सुरू झाला. हे वाक्य तुम्हाला आवडलं नसतं. धंदा हा शब्द तर मुळीच नाही. आपल्याकडे सगळे प्रॅक्टिस करायचे, धंदा दुकानदार करायचे. मराठीत लिहितो आहे, कारण घरात तुमच्याशी इंग्रजीत बोललं की कानफटात बसायची, आणि ती सवय तुमच्या मागेही राहिली.

ग्लासगोच्या त्या स्वयंपाकघरात आई पोहे परतत होती. मी सांगितलं की मेडिकल सोडतो आहे, चित्रं काढून पोट भरेन. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडणं तुम्ही हॉस्पिटलमधल्या ज्युनियर डॉक्टरांसाठी राखून ठेवलं होतं. तुम्ही माझा उजवा हात ओट्यावर दाबून धरता, तर्जनी मुठीत घेता आणि पिळता. ओली फांदी मोडावी तसा आवाज येतो. आई गॅस बंद करते. मग तुम्ही हात धुता, कोपरापर्यंत, नेहमीसारखे. बॅग आणता, समोर खुर्ची ओढून बसता आणि तेच बोट जागेवर बसवता. बसवताना शिकवता. दारात सापडलं तर टोकाचा चुरा होतो. पिळलं तर हाडावर गोल जिन्यासारखी रेघ चढत जाते. एक्स-रे बघताना हे विसरायचं नाही. माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ओठ चावला होता मी, तरी मान हलवली. पट्टी झाल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, कोणी विचारलं तर क्रिकेट खेळताना लागलं म्हण.

“अहो, फेब्रुवारीत इथे कोण क्रिकेट खेळतं?”

“मग फुटबॉल. गोलकीपर होता.”

त्यानंतर आपण तिघांनी पोहे खाल्ले. मी डाव्या हाताने.

तुम्ही गेलात तेव्हा क्रिमेटोरियमच्या दारात तुमचा एक ज्युनियर रडत होता. तुमच्या वडिलांसारखे हात पुन्हा होणार नाहीत, असं म्हणून त्याने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तोपर्यंत मी लंडनजवळ वॉटफर्डला एका खोलीत राहायला आलो होतो. घरोघरी ब्रॉडबँड येत होतं आणि इंटरनेटवर नवे बाजार उघडले होते. कोणी एक काम टाकतो, जगभरचे लोक त्यावर बोली लावतात, बहुधा सगळ्यात खालची बोली जिंकते. काम झालं की गिऱ्हाईक स्टार देतं. स्टार घसरले की माणूस संपला. सुरुवातीला मी लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढली, पबचे मेनू काढले. मग एक अमेरिकन गिऱ्हाईक मिळालं आणि मी बाकी सगळ्यांना सोडून त्याचंच करत बसलो. एका सकाळी त्याचं खातं बंद होतं. माझ्याकडे दुसरं एकही काम नव्हतं. एका माणसाच्या मुठीत पुन्हा जायचं नाही, हे मी तेव्हा ठरवलं. त्या साइटवर दोन नावं घेतली. एका नावाने लग्नपत्रिकांवरचे नकाशे आणि मुलांच्या वाढदिवसाची कार्डं. दुसऱ्या नावाने जखमा.

जखमांना भाव होता. नुकसानभरपाईचे खटले लढवणारे वकील त्या विकत घेत. फोटोत रक्त फार दिसतं, न्यायाधीश तोंड फिरवतात. चित्रात हवं तेवढंच फाडता येतं. मी यंत्रात गेलेला अंगठा काढला, कुत्र्याने सोललेला गाल काढला, फुटक्या बाटलीने उघडलेला गळा काढला. हाडं मला पाठ होती. काम वाढलं तसं रंग भरायला इल्फर्डची एक मुलगी घेतली. आपल्यातलीच, डॉक्टरांच्या घरातली, जन्म इथला. माझ्या वाकड्या बोटाबद्दल तिने विचारलं तेव्हा मी गोलकीपर होतो असं सांगितलं. ती म्हणाली, मग टीम हरली असणार.

मंदी आली तेव्हा बरीच कामं आटली. त्याच सुमारास वकिलांच्या एका फर्मचं काम आलं, आणि हे नीट झालं तर पुढची सगळी कामं मलाच, असा निरोप. सहा वर्षांची मुलगी, करंगळीशेजारचं बोट मोडलेलं. कौन्सिलच्या बालकल्याण खात्याने तिला घरातून हलवून दुसऱ्या कुटुंबात ठेवलं होतं. ती घरी परत जाणार की नाही, हे कोर्टात ठरायचं होतं. फर्म बापाच्या बाजूची. बापाचं म्हणणं, बोट गाडीच्या दारात सापडलं. चित्र दाराचं हवं होतं. एक्स-रे स्क्रीनवर उघडला आणि मी तो लगेच बंद केला. इल्फर्डच्या मुलीने तो पुन्हा उघडला.

“दादा, हे दाराने नाही झालं.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला नाही कळत. पण तू स्क्रीनकडे बघतच नाहीयेस.”

टोक शाबूत होतं. रेघ हाडावर वळत वर गेली होती. दिसली तशी मी ती काढली, आणि सांगितल्याप्रमाणे शेजारी गाडीचं दार काढलं. त्या दाराने ते हाड तसं मोडूच शकत नाही, हे कोणालाही कळलं असतं. वकिलाचा फोन आला. फार सभ्य माणूस. आधी हवापाण्याचं बोलला. मग विचारलं, ती रेघ जरा सरळ करता येईल का, टोकाशी थोडा चुरा दाखवता येईल का, आम्हाला काही मेडिकलचं पुस्तक छापायचं नाही. मी नाही म्हणालो. त्याने एक स्टार दिला. जखमांच्या नावाला पुढे काम आलं नाही. नकाशांनी आणि कार्डांनी भाडं भरलं, म्हणून मला ते नाही म्हणणं परवडलं.

पण तेच काम त्याच शब्दांत पुन्हा बाजारात आलं. बोल्या पडू लागल्या, कुठून कुठून, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. ती रेघ कोणीतरी सरळ करणारच होतं, एका जेवणाच्या पैशांत. मी नकाशांच्या नावाने सगळ्यांच्या खाली बोली लावली. काम मला मिळालं. तो माणूस मीच, हे वकिलाला कळलं नाही. उद्या देतो, परवा देतो, असं गोड लिहीत राहिलो आणि सुनावणीच्या सकाळी चित्र पाठवलं. तीच रेघ. दार नाही. बोटाभोवती मोठ्या माणसाची मूठ, पिळताना, अंगठ्याचं नख जोराने पांढरं पडलेलं. दुसरं काढून घ्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

आठवड्याभरात साइटने माझी दोन्ही नावं बंद केली. तक्रार गेली असणार; एका माणसाने दोन नावं घ्यायची नाहीत, असा नियमच आहे. आता मी इल्फर्डच्या मुलीच्या नावाने कुत्र्यांची चित्रं काढतो. दादा, माझे स्टार खराब नको करू हं, असं ती दर कामाआधी बजावते.

त्या दिवशी कोर्टात काय झालं, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नव्हता. खोटं चित्र तिथे नव्हतं, एवढं माहीत आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा आईला पाठवावं असं मनात होतं. ती अजून त्याच घरात राहते, तुमच्या फोटोसमोर रोज उदबत्ती लावते, आणि फोनवर मला सांगते की ते रागीट होते पण हाताला गुण होता. गुण होता. बोट सरळ जुळलं नाही, पण पेन धरतं. तिला हे पाठवणार नाही.

इल्फर्डची मुलगी म्हणते, दादा, तू त्या पोरीसाठी केवढं घालवलंस. मी तिला तसं म्हणू देतो. बोली लावली तेव्हा ती पोर माझ्या डोक्यात नव्हती, बाबा. मला तुम्हाला एकदा कोर्टात उभं करायचं होतं.