हुंकारा

माय, मी केजच्या कॉलेजात पोरांना कथा शिकवते हे तुला कधी पटलं नाही. गोष्ट काय शिकवायची, ती ऐकायची असती, म्हणायचीस. शेंगा फोडता फोडता तू गोष्ट सांगायचीस आणि आम्ही हुंकारा द्यायचा. आमचा 'हं' थांबला की तूही थांबायचीस, ऐकणारंच नसेल तर कुणासाठी तोंड दुखवायचं म्हणून. मला सगळ्यांत आवडायची ती विहिरीतल्या राणीची. थोरली सून पाण्याला जाते, घागर भरून काठावर ठेवते, आणि राणी तिला खाली बोलावून घेते. "लई सुखात हाय ती तिथं," असं म्हणून तू टरफलं झटकायचीस. मला त्या सुनेचा हेवा वाटायचा, खरंच.

मग शिकले, आणि मेला तोच नाद लागला. गोष्टीत उगाच काही नसतं, प्रत्येक वस्तूला विचारा तू इथं कशाला आलीस, असं मी पोरांना सांगते. एकदा वर्गात तुझीच गोष्ट घेतली. फळ्यावर 'घागर' लिहिलं आणि खडू हातातच राहिला. जिला जीव द्यायचाय ती आधी घागर कशाला भरील? तुझी थोरली बहीण आपल्याच घरात नांदली, आपल्याच विहिरीत गेली. उडी मारली, म्हणाले लोक. वर्ष सरायच्या आत तुला तिच्याच नवऱ्याच्या, आमच्या आबांच्या, गळ्यात बांधली. मी तशीच जीप धरून घरी आले. तू भाकरी थापत होतीस. मी विचारलं तेव्हा तू काटवटीतून हात काढला नाहीस.

"गोष्टीला हुंकारा देत्यात, सवाल न्हाई," म्हणालीस. "गोड लागती तवर ऐकावी."

तव्यावरची भाकर करपली तरी तू ती उलटली नाहीस. मला तुझा राग आला, अजून येतो. एवढं मरण आमच्या करमणुकीला गोड करून वाढलंस! आणि मग वाटतं, रिकामी घागर सांगता आली असती तुला. दर वेळी भरलीस ती. कुणीतरी विचारावं म्हणूनच ना? मग विचारल्यावर उडवून का लावलंस?

परवा माझी लेक हटून बसली, आजीची गोष्ट सांग म्हणून. आबा ओसरीत बाजेवर पडले होते. आता त्यांना दिसत नाही, नातीला हातानं चाचपून ओळखतात, फार जीव आहे तिच्यावर. लेक हुंकारा देत होती, तिच्या मागोमाग आबाही. सून घरातून निघाली, हं. विहिरीशी आली, हं. तिनं घागर, एवढं मी म्हणाले आणि बाजेवरचा आवाज थांबला. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती.

घागर रिकामीच होती, म्हणाले मी.

बाजेवरून 'हं' आला.

हे पत्र कुठं धाडणार, घडी करून ठेवते. उद्या वर्गात पुन्हा तेच शिकवीन, प्रत्येक वस्तूला विचारा म्हणून. पण तुला म्हणून सांगते माय, तो 'हं' ऐकून मला बरं वाटलं.